नाण्याची पाठ

परभणी जिल्ह्यातल्या सेलूहून एका वाचकाने काही फोटो पाठवले आहेत. जुनं घर आवरताना आजीच्या पितळी डब्यात त्यांना अकरा रुपये सापडले. एका बाजूला चारमिनार, दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरं. इंटरनेटवर कोणी तरी एकेका नाण्याला लाखाचा भाव देऊ केला, फक्त आधी 'नोंदणी फी' भरा म्हणाला. धाकट्या भावाचं म्हणणं वेगळंच: नाणी विकू आणि आलेल्या पैशांचं बिटकॉइन घेऊ. शेवटी वाचकाने एका ओळीत विचारलं आहे, "यातलं खरं नाणं कोणतं?"

फीचं आधी सांगून टाकतो. एक पैसाही देऊ नका. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने फी, कमिशन, कर उकळणाऱ्यांबद्दल खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. बँक असल्या व्यवहारात नाही आणि तिने कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. हा विषय इथेच संपला. मात्र तुमचा प्रश्न मला आठवडाभर पुरला, कारण त्या डब्यात अख्ख्या मराठवाड्याचा पैशाचा इतिहास आहे.

तो 'हाली' रुपया. परभणी निजामाच्या राज्यात होती तेव्हा बाजारात हाली चालायचा आणि इंग्रजांच्या रुपयाला लोक 'कलदार' म्हणायचे. नाण्यावरच्या चारमिनारच्या कमानीत एक अरबी अक्षर कोरलेलं दिसेल. ते 'ऐन' असेल तर रुपया शेवटचा निजाम उस्मान अली याच्या काळचा, 'मीम' असेल तर त्याचे वडील महबूब अली यांच्या काळचा. साल हिजरी असतं. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. १३४२ असेल तर १९२३-२४.

दोन्ही रुपयांचा सरकारी दर ठरलेला होता: १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो कुठल्या तरी कारकुनाचा लहरी हिशेब वाटला होता. मग कागद घेऊन बसलो. १० आणे ८ पै म्हणजे १२८ पै, रुपयाचे १९२, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. ११६ पूर्णांक दोन तृतीयांश, म्हणजेच सहा कलदारला सात हाली. आता नाणी काट्यावर ठेवू. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी: १०.६९ ग्रॅम. हाली ११.१८ ग्रॅमचा, टंच ८१.८ टक्के: ९.१४ ग्रॅम. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १.१७ येतात, आणि साताला सहाने भागलं तरी १.१७. फरक अर्धा टक्काही नाही. तो दर चांदीतच वितळवून ठेवलेला होता. सीमेवरच्या बाजारात सात-सहाचा हिशेब तोंडी करणारी माणसं नकळत धातुशास्त्र बोलत होती, हे कळलं त्या दिवशी मला झोप लागली नाही.

गंमत पुढे आहे. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला आणि १९१८ मध्ये हैदराबादने कायदा करून स्वतःच्या नोटा काढल्या. त्या नोटेत ग्रॅमभरही चांदी नव्हती, तरी दर तोच. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या रुपयांतली चांदी घटून निम्म्यावर आली, तरीही दर तोच. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेलं, १९५० मध्ये भारतीय रुपया हालीच्या शेजारी येऊन बसला, तेव्हाही सहाला सात. १९५९ मध्ये हाली चलनातून बाद झाला तोवर हीच पट्टी. धातू निघून गेला आणि त्याचं गुणोत्तर मागे राहिलं. मग त्याला धरून कोण होतं? नोंदी. खजिन्याच्या वह्या, बँकेची खाती, आणि त्या वह्या कोणी खोडणार नाही हा भरवसा.

अशी नोंद खुद्द नाण्याच्या अंगावर वाचणाऱ्या एका माणसाची इथे मला भेट घडवायची आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात पिकांची आनुवंशिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'कोसंबी फंक्शन' ठाऊक असतं. गुणसूत्रावर दोन जनुकं किती अंतरावर आहेत ते काढण्याचं हे सूत्र १९४४ पासून जगभरचे पीक-पैदासकार वापरतात. ते ज्यांचं, ते दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात १९०७ साली जन्म, फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. इतिहासकार म्हणून त्यांचं नाव सगळे घेतात. पण नाण्यांच्या अभ्यासाला त्यांनी दिलेली गणिती नजर आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कुठे भेटली नाही, आणि ही उपेक्षा मला फार बोचते.

कोसंबींचा विचार असा. नाणं हातातून हातात जातं, थैलीत घासतं, घामाने झिजतं. एक नाणं किती झिजेल हे नशिबावर, पण एकाच वेळी टांकसाळीतून निघालेल्या हजार नाण्यांचं सरासरी वजन दरवर्षी ठरावीक मापाने उतरत जातं. शिवाय त्यांच्यातला आपसातला फरकही वाढत जातो, कारण काही जास्त फिरतात, काही गाडग्यात पडून राहतात. म्हणजे सरासरी आणि पसारा ही दोन मापं मिळाली की नाणी किती काळ फिरली ते सांगता येतं. हे नुसतं कागदावर मांडून ते थांबले नाहीत. आपल्या काळातली, रोजच्या चलनातली हजारो नाणी त्यांनी एकेक करून अचूक काट्यावर तोलली आणि सूत्र पडताळलं. मग तक्षशिलेच्या भीर टेकडीवर १९२४ मध्ये सापडलेल्या ठेव्याकडे वळले. त्यात चांदीची हजारावर आहत नाणी होती आणि सोबत अलेक्झांडरची दोन अगदी कोरी. त्या कोऱ्या नाण्यांमुळे ठेवा केव्हा पुरला गेला याचा अंदाज आला.

आहत नाणं म्हणजे चांदीच्या तुकड्यावर ठसे मारलेलं. दर्शनी बाजूला सहसा पाच ठसे, ते काढणाऱ्याचे. पाठीवर मात्र बारीक बारीक खुणा, कुठे एक, कुठे चार, कुठे डझनभर. जुने अभ्यासक त्यांच्याकडे फारसं बघत नसत. कोसंबींनी पाठीवरच्या खुणा मोजल्या आणि वजनाशेजारी मांडल्या. जितक्या खुणा जास्त तितकं नाणं हलकं, आणि तेही सरळ रेषेत! म्हणजे त्या खुणा एकदम मारलेल्या नव्हत्या. नाणं ठरावीक काळाने पारख्याकडे जात होतं, तो तोलून, तपासून 'चालेल' म्हणून आपली खूण उमटवत होता. वजन उतरत होतं आणि खुणा वाढत होत्या. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सराफांनी नाण्याच्याच पाठीवर वही लिहून ठेवली होती, आणि ती वाचायला एका गणितज्ञाला यावं लागलं. 'सायंटिफिक अमेरिकन'च्या फेब्रुवारी १९६६ च्या अंकात त्यांनी हे जगापुढे मांडलं. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

हा पारखी आपल्या भाषेत अजून आहे. पोतदार हे आडनाव नाणी पारखणाऱ्याचं. नाणं हिणकस निघालं की तो जी रक्कम कापायचा तो बट्टा, आणि नावाला लागतो तोही तोच. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाचा चेहरा खालून अजून दिसतो. जिंकलेला राजा नाणी वितळवू शकला असता. त्याने जुन्या नोंदीवर नवी नोंद चढवली.

आता धाकट्या भावाकडे. बिटकॉइनला धातू नाही, कागद नाही. आहे ती फक्त पाठ, खुणांनी भरलेली. आपल्याकडे सातबाऱ्यासाठी फेरफाराची नोंदवही असते. समजा, तिच्यातल्या प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा अंगठा उमटवायचा असा नियम केला, आणि वहीची प्रत एकट्या तलाठ्याकडे न ठेवता गावातल्या प्रत्येक घरात ठेवली. आता कोणी रात्रीतून २०१२ ची नोंद बदलली तर तिचा अंगठा बदलेल, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, थेट आजपर्यंत. आणि सकाळी घरोघरच्या वह्या त्याला खोटं पाडतील. हा अंगठा म्हणजे 'हॅश'. कितीही मोठा मजकूर घाला, ६४ अक्षर-अंकांची एक ओळ बाहेर येते. मजकुरातला एक काना बदला, सगळी ओळ बदलते.

ही कल्पना बिटकॉइनच्या अज्ञात जनकाची नाही. ती स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांची, १९९१ ची. संगणकावरचा दस्तऐवज मागाहून बदलला नाही हे कसं सिद्ध करायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. १९९५ पासून त्यांची कंपनी आठवडाभराच्या सगळ्या दस्तऐवजांचा एकत्रित अंगठा काढून 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत, हरवले-सापडलेच्या सदरात, छापून आणू लागली. लाखो घरांत गेलेला तो कागद कोण बदलणार? ही पुरवणी हातात धरलेल्या वाचकाला ही युक्ती मी किती आनंदाने सांगतो आहे! ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनचा शोधनिबंध आला. त्याच्या आठ संदर्भांपैकी तीन याच दोघांच्या कामाचे आहेत. गाजलं मात्र सातोशीचं टोपणनाव.

विज्ञान इथवर सुंदर आहे. आपल्याकडे चहाच्या टपरीवर चर्चा असते ती भावाची, आणि तिथेच घात होतो. पुण्यात २०१८ मध्ये पोलिसांत गेलेलं आणि पुढे सीबीआयकडे पोचलेलं 'गेनबिटकॉइन' प्रकरण आठवा. तुमची बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही 'मायनिंग' करून दरमहा १० टक्के देऊ, १८ महिने, असं आमिष. हे अशक्य आहे हे ओळखायला पोलीस लागत नाहीत, विहीर ठाऊक असली की पुरे. 'मायनिंग' म्हणजे वहीत नव्या नोंदी चढवण्यासाठी संगणकांनी कोडं सोडवायचं आणि बक्षीस म्हणून नवी नाणी मिळवायची. संगणक या मोटारी, आणि बिटकॉइनची विहीर अशी बांधली आहे की झरा ठरलेला. साधारण दहा मिनिटांनी एक उमाळा, २०१७ मध्ये दर उमाळ्याला साडेबारा नाणी, म्हणजे दिवसाला सगळ्या जगात मिळून १८००. तुम्ही चार मोटारी लावा की चार लाख, पाणी तेवढंच. उलट मोटारी वाढल्या की दर २०१६ उमाळ्यांनी विहीर आपोआप खोल होते, म्हणजे कोडं अवघड होतं आणि तेवढ्याच पाण्याला वीज जास्त जळते. एप्रिल २०२४ पासून झराच आटून ३.१२५ वर, म्हणजे दिवसाला ४५० वर आला आहे. एकूण नाणी कधीही २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत. ज्या विहिरीचं पाणी वाढू शकत नाही, तिच्या जोरावर प्रत्येक नव्या माणसाला ठरलेल्या बादल्या देणारा ते पाणी त्याच्या मागून आलेल्याच्या हंड्यातून काढत असतो. बोअर आटलेल्या आपल्या जिल्ह्याला हे मी वेगळं काय समजावणार?

कायद्याचं थोडक्यात: नफ्यावर ३० टक्के कर, विकताना १ टक्का कपात, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. भावाला हे आधी सांगा.

आणि तुमचे अकरा रुपये? हाली रुपया मुबलक पाडला गेला होता. लाखाचं नाव सोडा, बहुतेकांची किंमत चांदीच्या आसपास असते. एखादं दुर्मीळ साल निघालं तर वर. पण कृपा करून चिंच, रांगोळी, दंतमंजन काही लावू नका. घासलं की पृष्ठभाग जातो, आणि जाणकार खरेदीदार सर्वांत आधी तोच बघतो. त्याऐवजी ओळखीच्या सराफाकडे शतांश ग्रॅम दाखवणारा काटा असेल तिथे जा. प्रत्येक नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात बुडवून धरा, तळाला टेकू देऊ नका. काटा १.१ च्या जवळपास काही दाखवेल. ते नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. कोरड्या वजनाला त्याने भागा. १०.२ च्या आसपास आलं तर नाणं जुन्या टंचाचं, ९.७ च्या आसपास आलं तर युद्धकाळातलं निम्म्या चांदीचं, साडेआठ आलं तर पितळ.

शेतात नांगरताना गाडगं लागलं असतं तर गोष्ट वेगळी होती. १८७८ च्या कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. चार घरांत वाटून गेलेल्या ठेव्याची सरासरीही जाते आणि पसाराही, मग कोणताही कोसंबी त्यातून काही वाचू शकत नाही.

तुमचा डबा मात्र अख्खा आहे. नाण्यांवरची सालं क्रमाने लावा आणि प्रत्येकासमोर ११.१८ मधून किती उतरलं ते लिहा. जुनी नाणी जास्त झिजलेली निघाली तर ती आजीकडे येण्याआधी बाजारात खूप फिरली. सगळी सारखीच कोरी निघाली तर ती बहुधा एकदमच डब्यात गेली, आणि सर्वांत अलीकडचं साल तुम्हाला डबा साधारण केव्हा बंद झाला ते सांगेल. ते १९४८ च्या आगेमागे येतं का, याची मला फार उत्सुकता आहे. अकराही वजनं मला कळवा.