गोधडी शिवण्यापूर्वींचें टाचण

गोधडीचें सौंदर्य वरच्या लुगड्याच्या कांठापदरांत असतें, असें आपण समजतों. तिचें आयुष्य मात्र पक्के टाके घालण्यापूर्वीं केलेल्या टाचणावर अवलंबून असतें. भगिनींनो, दोन जुनीं लुगडीं आणि त्यांच्यामध्यें धोतराचे वा चादरीचे थर ठेवून सरळ शिवावयास बसलें, तर काय होतें? सुई वरचा थर किंचित् पुढें ढकलीत जाते. एका टाक्यांत हें सरकणें दिसत नाहीं. पन्नास ओळींनंतर फुगवटा येतो आणि खालच्या अस्तराला चुण्या पडतात. मग शिवण उसवावी, तर विरलेलें कापड सुईच्या भोंकांपाशींच फाटतें. आजीचें लुगडें पुन्हां कोठून आणणार?

आपल्याकडे पुष्कळ बायका कडेपासून आंत फेरे घेत शिवतात. चारी कडा आधींच बांधल्या गेल्यानें सैल कापडाला पळावयास वाट उरत नाहीं. तें सारें मधोमध गोळा होतें. या पद्धतींत टाचण टाळणें म्हणजे फुगवटा मागून घेणेंच होय.

नवें कापड घालावयाचें असल्यास प्रथम धुवावें, नाहींतर पहिल्या धुण्यांत तेवढाच थर आटेल. अस्तर उलटें करून फरशीवर पसरावें व कोपऱ्यांवर वजनें ठेवावीं. ताणूं मात्र नये. ताणलेलें कापड सुटतांच आखडतें. प्रत्येक थर मध्यापासून कडांकडे तळहातानें सारखा करावा. मग पांढऱ्या दोऱ्यानें सुमारें २ इंच लांबीचे सैल टाके प्रथम मध्यावरून उभे-आडवे घालावे आणि समांतर ओळी घेत कडेला यावें. जुन्या सुती थरांना ५-६ इंचांचें अंतर चालतें. पिंजलेला कापूस भरला असेल, तर ४ इंचांहून अधिक नको. गडद दोऱ्याचा रंग उतरतो.

सेफ्टी पिनांनीं काम लवकर होतें खरें. पण पावसाळ्यांत त्या गंजतात आणि तो डाग सहजीं जात नाहीं. बाळाच्या दुपट्यास तर मी त्या सुचविणारच नाहीं. लावल्याच, तर मोजून लावाव्या आणि मोजून काढाव्या. अलीकडे फवाऱ्याचा चिकट द्रवही मिळतो. यंत्रावर शिवणारांस तो सोयीचा. मात्र खिडक्या उघड्या ठेवून वापरावा. चार-पांच थरांच्या गोधडीस तो प्रत्येक थरावर मारावा लागतो. त्यापेक्षां दोराच बरा.

टाचणाचा दोरा काढतांना एक टोंक धरून ओढूं नये. दर दोन-तीन टाक्यांवर कापून तुकडे वरून उपसावे. पक्क्या टाक्यांत तो कोठें अडकला असेल, तेथें कात्री चालविण्याआधीं गोधडी उजेडांत धरून पाहावी.