स्टीफन हिस्लॉप

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर, १८१७ – ४ सप्टेंबर, १८६३) हे स्कॉटिश मिशनरी, शिक्षक, भूवैज्ञानिक व पुराजीववैज्ञानिक होते. नागपूर येथील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. मध्य भारतातील जीवाश्मांचा पद्धतशीर संग्रह करून त्यांचे वर्णन प्रसिद्ध करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते. विदर्भात त्यांचे नाव सर्वांच्या ओठी असले, तरी ते महाविद्यालयाच्या निमित्ताने. त्यांचे वैज्ञानिक कार्य मात्र बहुतेकांना अपरिचित आहे.

जीवन

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. त्यांचे उच्च शिक्षण एडिंबरो व ग्लासगो येथे झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले. या नव्या चर्चच्या वतीने हिस्लॉप १८४४ च्या अखेरीस मुंबईस आले आणि पुढील वर्षी कामठी-नागपूर परिसरात दाखल झाले. ते मराठी शिकले व १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा सुरू केली. विद्यापीठातील अध्यापकपद त्यांना कधीच लाभले नाही. शाळा, धर्मप्रचार व प्रवास यांतून उरलेल्या वेळात त्यांनी आपले सर्व संशोधन केले. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी म्हणून आले आणि ते १८५५ पर्यंत येथे राहिले. हंटर यांनी पुढे इंग्लंडमध्ये एका मोठ्या विश्वकोशात्मक शब्दकोशाचे संपादन केले.

टाकळीचे जीवाश्म

दख्खनचे पठार लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनले आहे, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत असते. दोन उद्रेकांच्या मध्ये जो काळ जाई, त्यात तळी साचत, गाळ बसे, झाडे उगवत. पुढच्या लाव्हाने हे सारे झाकले गेले की दोन काळ्या खडकांच्या मध्ये मातीचा अथवा गारगोटीसारख्या कठीण दगडाचा एक पातळ पट्टा उरे. यालाच आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूरजवळच्या टाकळी येथे हिस्लॉप व हंटर यांना अशा थरात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, फळे, बिया, लाकूड, कीटकांचे अवशेष व माशांचे खवले मिळाले. सीताबर्डीच्या टेकडीतील थरांचाही त्यांनी अभ्यास केला. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ साली या दोघांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. १८६० मध्ये हिस्लॉप यांनी एकट्याने लिहिलेला दुसरा निबंध आला. त्यात शंखांच्या अनेक जातींचे वर्णन आहे.

या थरांच्या उत्पत्तीविषयी त्यांचे मत मात्र टिकले नाही. सर्व गोड्या पाण्याचे थर मुळात एकाच विस्तीर्ण सरोवरात साचले, वरचा ट्रॅप त्यांवरून वाहिला आणि खालचा ट्रॅप नंतर खालून घुसला, असे ते मानत. भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांनी १८६७ मध्ये हे मत खोडून काढले. लाव्हा उघड्या भूमीवर वेळोवेळी पसरला व प्रत्येक खंडकाळात निराळी तळी निर्माण झाली, हे त्यांनी दाखविले. कालनिर्णयातही फरक पडला. हिस्लॉप या थरांना तृतीयक कल्पातील समजत. आता दख्खनच्या लाव्हाचा मुख्य काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे क्रिटेशस कल्पाच्या शेवटाजवळचा ठरला आहे. तरीही जीवाश्म कोणत्या थरात सापडला याची त्यांनी करून ठेवलेली नोंद काळजीपूर्वक होती, म्हणूनच नंतरच्या अभ्यासकांना तो संग्रह वापरता आला. सिद्धान्त बदलतात, पण नोंद चुकली तर संग्रह निरुपयोगी होतो. विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

अन्य शोध

वर्धा खोऱ्यातील मांगली येथून मिळालेली एका प्राण्याची कवटी हिस्लॉप यांनी लंडनला पाठविली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. ओवेन यांनी तिला सरीसृपांत गणले होते, परंतु हा प्राणी रुंद डोक्याचा प्राचीन उभयचर होता. ती कवटी लंडनच्या संग्रहालयात आहे. आपल्या मातीतील वस्तू पाहण्यासाठी आपल्याच विद्यार्थ्याने सातासमुद्रापार जावे, ही त्या काळच्या शास्त्रव्यवहाराची दुसरी बाजू होय. आज तेलंगणात असलेल्या मालेरी परिसरातील फुप्फुसमाशांच्या दातांना ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये दोघा मित्रांच्या सन्मानार्थ सेराटोडस हिस्लॉपियानस व सेराटोडस हंटेरियानस ही नावे दिली.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे मोठ्या सरीसृपांची हाडे असल्याचे हिस्लॉप यांनीच प्रथम नोंदविले. पुढे लायडेकर यांनी तेथील मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी या डायनोसॉरचे वर्णन केले (१८७९). याच गावातील अश्मीभूत विष्ठेत भारतीय व परदेशी संशोधकांना गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळले. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि डायनोसॉरांच्या काळीही गवत होते, हे सिद्ध झाले.

यवतमाळ जिल्ह्यातील वाचकांना हिस्लॉप यांच्या अभ्यासाचे दोन्ही विषय घराजवळच पाहता येतात. कळंब व यवतमाळकडील भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे, तर आग्नेयेस वणीकडे त्याहून पुष्कळ प्राचीन असे कोळसाधारक गोंडवनी खडक उघडे पडतात.

गोंडांविषयीचे लेखन

हिस्लॉप यांनी गोंड व अन्य आदिवासी समाजांच्या भाषा, चालीरीती आणि लिंगोची गोंडी गाथा यांविषयी टिपणे केली होती. सर रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये नागपुरात प्रसिद्ध केली. धर्मांतराचे ध्येय बाळगणाऱ्या मिशनरीची ही टिपणे असल्याने ती सावधपणे वाचावी लागतात. तथापि मौखिक गाथेचा इतका जुना लेखी पाठ अन्यत्र सहसा मिळत नाही, हे मान्य करावे लागेल.

मृत्यू व स्मृती

४ सप्टेंबर, १८६३ रोजी नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना, पूर आलेला ओढा ओलांडत असता हिस्लॉप यांचा बुडून मृत्यू झाला. सेहेचाळीसाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते. ती शिळावर्तुळे महापाषाणयुगीन दफने होत. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा येथे उत्खनन केले, तेव्हा लोहयुगीन लोकांविषयी महत्त्वाची माहिती उजेडात आली.

१८८३ मध्ये नागपुरात त्यांच्या स्मरणार्थ महाविद्यालय स्थापन झाले. हिस्लोपाइट या खनिजालाही त्यांचे नाव आहे. तसेच गोड्या पाण्यातील शेवाळासारख्या दिसणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्यास कार्टर यांनी १८५८ मध्ये हिस्लोपिया लॅकस्ट्रिस असे नाव दिले. हिस्लॉप यांना तो नागपूर परिसरातच सापडला होता. त्यांच्या नावाच्या जीवांपैकी हा मात्र जीवाश्म नाही, आजही जिवंत आहे.