फोनच्या आयुष्याची दोरी

मध्यमवर्गीय घरात वस्तूंना एक ठरलेली उतरंड असते. थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो, आजोबांचे घड्याळ वडिलांच्या आणि पुढे मुलाच्या मनगटावर चढते. मोबाइल फोननेही आता हीच रीत धरली आहे. मुलगा नोकरीला लागून नवा फोन घेतो. त्याचा जुना वडिलांकडे येतो, वडिलांचा आईकडे आणि आईचा आजीकडे. फोन मात्र सदऱ्यासारखा विरत नाही, की घड्याळासारखा मागे पडत नाही. त्याची काच शाबूत असते, आवाज स्वच्छ येतो. मग तो जुना झाला हे कळावे तरी कशावरून?

गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न आमच्याच घरी उभा राहिला. आईच्या फोनवर बँकेचे ॲप एके दिवशी उघडेनासे झाले. मी फोन हाती घेतला, सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सिस्टिम अपडेट’ तपासले. उत्तर आले की, आपली प्रणाली अद्ययावत आहे. समाधान वाटून मी फोन खाली ठेवणारच होतो, इतक्यात खालच्या ओळीत बारीक अक्षरांत छापलेल्या तारखेकडे लक्ष गेले. सुरक्षिततेची शेवटची दुरुस्ती या फोनला मिळाली होती ती जवळजवळ तीन वर्षांपूर्वी. गंमत अशी, की दोन्ही विधाने खरी होती. फोनने कंपनीला विचारले, “माझ्यासाठी काही आले आहे काय?” कंपनी म्हणाली, “नाही.” पोस्टमनने आपल्या आळीत येणेच सोडून दिले, तर “आज आपले पत्र नाही” हे म्हणणे खरेच असते, पण ते ऐकून निश्चिंत होणारा मनुष्य फसतो.

हे अपडेट म्हणजे नेमके काय? फोनच्या यंत्रसामग्रीवर जी मूळ प्रणाली चालते, जिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, ती लक्षावधी ओळींची लिखित रचना असते. इतके लिखाण निर्दोष असणे शक्यच नाही. कोणी ना कोणी त्यातील फट शोधून काढतो. तो सज्जन असल्यास कंपनीला कळवतो, दुर्जन असल्यास त्या फटीतून आत शिरतो. इ. स. २०१५ साली ॲण्ड्रॉइड प्रणालीत ‘स्टेजफ्राइट’ या नावाने गाजलेला दोष उघडकीस आला. चित्रफीत जोडलेला एखादा संदेश विशिष्ट रीतीने तयार करून धाडला, तर तो वाचण्यापूर्वीच फोनचा ताबा परक्याकडे जाण्याची त्यात शक्यता होती. त्याच वर्षाच्या ऑगस्टपासून गूगलने ॲण्ड्रॉइडच्या दुरुस्त्या दरमहा प्रसिद्ध करण्याचा परिपाठ सुरू केला. आपल्या देशातही ‘सर्ट-इन’ ही केंद्र शासनाची संस्था अशा दोषांविषयी वेळोवेळी इशारे देते. तेव्हा अपडेट दोन प्रकारचे असतात, हे ध्यानात ठेवावे. एक नव्या आवृत्तीचे, ज्याने फोनचे रूप बदलते व नव्या सोयी येतात. दुसरे निव्वळ दुरुस्तीचे, जे आल्याचे कळतही नाही. पहिल्याची वाट तरुण मंडळी पाहतात. घराला खरी गरज असते ती दुसऱ्याची.

आता, गूगलने दुरुस्ती प्रसिद्ध केली म्हणजे ती आपल्या फोनमध्ये पोहोचली, असे नव्हे. मध्ये मोठी साखळी आहे. फोनच्या पोटातील मुख्य चिप क्वालकॉम, मीडियाटेक यांसारख्या कंपन्या बनवतात. त्या चिपशी प्रणालीचा संवाद जुळवून देणारा मजकूर त्यांनीच पुरवावा लागतो. त्यानंतर फोन कंपनी त्यावर स्वतःचे संस्कार करते, प्रत्येक मॉडेलवर चाचणी घेते आणि मगच तो रवाना करते. यातील एका दुव्याने जरी “या जुन्या मालासाठी आता श्रम नकोत” असे ठरवले, तरी साखळी तुटते. बहुधा तुटते ती स्वस्त फोनांची, कारण ज्या मॉडेलवर नफाच तुटपुंजा त्यासाठी अभियंत्यांचा पगार कोण मोजणार? २०१७ साली ॲण्ड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीबरोबर गूगलने प्रणालीचा मुख्य भाग आणि चिपशी निगडित भाग यांची फारकत करून हे काम पुष्कळ सुलभ केले. तथापि सुलभ झालेले काम करावयाचे की नाही, हे ठरवणे फोन कंपनीच्याच हाती राहिले.

कोणत्या फोनला अपडेट मिळतात नि कोणत्या नाही, याचा हिशेब समजून घ्यावयाचा तर चेन्नईसारखे गाव नाही. शहराच्या नैर्ऋत्येस श्रीपेरुंबुदूर येथे २००६ साली नोकिया कंपनीचा कारखाना सुरू झाला. त्या काळचा बटणांचा फोन एकदा विकला की विकला. कंपनी आणि गिऱ्हाईक यांचे नाते दुकानाच्या उंबऱ्यावर संपत असे. २०१४ च्या नोव्हेंबरात तो कारखाना बंद पडला. फोनचे चार्जर बनवणाऱ्या सालकॉम्प कंपनीने ती जागा घेतल्याचे तत्कालीन केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी २०१९ साली जाहीर केले. त्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरच्या फॉक्सकॉन कारखान्यात जुळवलेला ॲपलचा आयफोन एक्सआर बाजारात आला. खोक्यावर भारतात जुळवणी झाल्याचा उल्लेख पाहून पुष्कळांना अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता.

या एक्सआरचे पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. हे मॉडेल मूळचे २०१८ सालचे. दर वर्षी त्याला नवी आवृत्ती मिळत गेली. २०२५ च्या सप्टेंबरात आयओएस २६ आली, तेव्हा मात्र तिच्या यादीत एक्सआर नव्हता. त्याच्या पाठचा आयफोन ११ होता. म्हणजे सात वर्षे झाली. सात वर्षे थोडी नव्हेत. पण ही सात वर्षे कोणाची? २०१८ साली ज्याने फोन घेतला त्याची. कंपनीने २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत हे मॉडेल विक्रीस ठेवले होते. किंमत उतरल्यावर, विचारपूर्वक, काटकसरीने ज्या गृहस्थाने २०२१ च्या उन्हाळ्यात तो घेतला, त्याच्या वाट्याला चारच वर्षे आली. फोनचे वय मोजावयाचे ते आपण तो विकत घेतल्या दिवसापासून नव्हे, तर ते मॉडेल प्रथम बाजारात आले त्या दिवसापासून, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. आणि उतरंडीने आलेल्या फोनाविषयी तर बोलावयासच नको. तो आजीच्या हाती पडतो तेव्हा त्याची बहुतेक शिदोरी संपलेली असते.

न्यायबुद्धीने एवढे सांगितले पाहिजे, की नवी आवृत्ती थांबली म्हणजे दुरुस्तीही थांबलीच असे नाही. २०१३ साली निघालेल्या आयफोन ५एसला बारावी आवृत्ती ही शेवटची ठरली. तरी सुरक्षिततेची एक दुरुस्ती त्याला २०२३ च्या जानेवारीत मिळाली. एक्सआरलाही यादीतून वगळल्यानंतर अशा दुरुस्त्या येत राहिल्या आहेत. पण हा झाला औदार्याचा भाग. त्यावर विसंबून घराचे व्यवहार चालवता येत नाहीत.

मग परक्यांच्या मर्जीवर राहण्याऐवजी प्रणाली आपणच का करू नये? चेन्नईत हा प्रयत्नही झाला आहे. गिंडीच्या वनाला लागून असलेली मद्रासची आयआयटी १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने उभी राहिली. तिच्या छत्राखाली वाढलेल्या ‘जे अँड के ऑपरेशन्स’ या कंपनीने ‘भारओएस’ नावाची मोबाइल प्रणाली तयार केल्याची घोषणा संस्थेचे संचालक व्ही. कामकोटी यांनी २०२३ च्या जानेवारीत केली. थोड्याच दिवसांत केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव व धर्मेंद्र प्रधान यांच्या उपस्थितीत दिल्लीत तिचे प्रात्यक्षिकही झाले. ही प्रणाली ॲण्ड्रॉइडच्या सर्वांस खुल्या असलेल्या भागावर आधारलेली आहे. तिच्यात आधीपासून लादलेली ॲप्स नसतात, आणि सुधारणा आपोआप उतरून बसतात, असे सांगण्यात आले. घोषणेच्या वेळी ती दिली जात होती ती गोपनीयतेची कडक निकड असलेल्या संस्थांना. तुमच्या-आमच्यासारख्या दुकानात जाऊन फोन घेणाऱ्या गिऱ्हाइकाला नव्हे.

त्या दिवसांत वृत्तपत्रांतून “आता परकी प्रणाली हद्दपार” अशा थाटाचा जो उत्साह दिसला, तो मला अस्थानी वाटतो. आयआयटीतील कामाचे मोल त्याने वाढत नाही. प्रणाली लिहिणे अवघड आहेच. पण ती शेकडो कंपन्यांच्या हजारो मॉडेलांवर बसवणे आणि मग वर्षानुवर्षे महिन्याच्या महिन्याला दुरुस्त करीत राहणे त्याहून अवघड. चिपशी बोलणारा मजकूर चिप कंपनीकडूनच मिळवावा लागतो. शिवाय पुष्कळ फोनांच्या प्रवेशद्वाराला, म्हणजे ‘बूटलोडर’ला, फोन कंपनीने कुलूप लावलेले असते, ते उघडल्यावाचून दुसरी प्रणाली आत पाऊल ठेवू शकत नाही. जगातील हौशी अभियंते ‘लिनिएजओएस’सारख्या प्रणाली चालवून कंपनीने टाकून दिलेले फोन जगवतात, त्यांनाही हेच दोन अडसर लागतात. त्यातून एखादा फोन असा जगलाच, तर काही बँकांची ॲप्स त्यावर चालण्यास नकार देतात.

विश्वासाचा प्रश्न तर आणखी खोल आहे. आपल्या नकळत फोनमध्ये येऊन बसणारी वस्तू पाठवणारा कोण, हे ओळखता आले पाहिजे. याकरिता प्रत्येक अपडेटवर गणिती स्वरूपाची सही असते, आणि लाखेची मोहोर तपासून मगच लखोटा फोडावा त्याप्रमाणे फोन ती सही पडताळतो. पण मोहोर लावणाऱ्याच्या कचेरीतच चोर शिरला तर? २०१७ च्या जूनमध्ये युक्रेनमधील एका हिशेबाच्या संगणक-प्रणालीच्या अपडेटमधूनच ‘नॉटपेट्या’ नावाचे विध्वंसक लिखाण पसरले. मर्स्क या जहाजकंपनीचे संगणक जगभर बंद पडले, आणि त्या समूहाकडून चालवला जाणारा आपल्या न्हावा-शेवा बंदरातील कंटेनर धक्काही ठप्प झाला. कोठे युक्रेन आणि कोठे उरण! हे उदाहरण फोनचे नव्हे, संगणकाचे आहे. शिवाय त्यावरून अपडेट घेऊच नये, असा अर्थ काढणे म्हणजे भेसळीच्या भयाने औषधच सोडण्यासारखे होईल. एकदा आत शिरल्यावर ते लिखाण एका संगणकावरून दुसऱ्यावर ज्या फटींतून पसरले, त्यांतील एका प्रमुख फटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिलेली होती.

इतर देशांत याविषयी कायदे होऊ लागले आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षिततेची दुरुस्ती किमान किती काळ मिळेल हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. युरोपीय संघाचा नियम २० जून २०२५ पासून लागू झाला. प्रणालीची अपडेट पुरवणाऱ्या उत्पादकाने ती किमान पाच वर्षे मोफत उपलब्ध ठेवावीत, असे तो सांगतो. आणि ही पाच वर्षे कधीपासून? मॉडेलचा बाजारातील पुरवठा थांबला त्या दिवसापासून. एक्सआर उशिरा घेणाऱ्या गृहस्थाचे दुःख ज्याला ठाऊक आहे, त्याला या एका शब्दप्रयोगाचे महत्त्व कळेल. स्पर्धेमुळे कंपन्यांनीही हात सैल सोडला आहे. गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ साली गॅलक्सी एस२४ ला सात वर्षांचे अभिवचन दिले. हे फोन महागडे आहेत, हे सांगणे नलगे. आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबे ज्या किमतीचा फोन घेतात, त्या थरापर्यंत हे औदार्य मोठ्या कष्टाने झिरपते.

आईच्या फोनचा निकाल मात्र लावावयाचा होता. एका शनिवारी आम्ही माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर गेलो. रेडिओच्या सुट्या भागांपासून संगणकापर्यंत जे मागाल ते तेथील अरुंद दुकानांतून मिळते. विक्रेत्याने कॅमेऱ्याचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. आईने विचारले, “याला दुरुस्ती कोणत्या सालापर्यंत येईल?” मी तिचा प्रश्न तमिळमध्ये सांगितला, तेव्हा तो जरा गोंधळला, खोके उलटसुलट करून पाहू लागला. खोक्यावर ते कोठेच नव्हते. शेवटी कंपनीच्या संकेतस्थळावर शोधले. पहिल्या दोन मॉडेलांची मुदत वर्षभरात सरणारी निघाली, तिसऱ्याची चार वर्षे शिल्लक होती. ते जवळपास दोन हजारांनी महाग पडले. आईने क्षणभर हिशेब केला आणि तेच घेतले.

जुन्या फोनमधून बँकेचे ॲप, आधारची कागदपत्रे व साठवलेले सर्व पासवर्ड काढून टाकले, कंपनीच्या मूळ स्थितीला तो नेला आणि सिमकार्डही काढले. आता तो स्वयंपाकघरात गाणी ऐकण्याच्या कामी येतो. नव्याच्या वेष्टणाच्या आतील बाजूस आईने कागदाची एक चिठ्ठी चिकटवली आहे. औषधाच्या बाटलीवर असतो तसा तिच्यावर एक महिना आणि एक साल लिहिलेले आहे.