पासिंग कोल्हापूरचं, हप्ता पुण्यात

माझा भाचा राहतो पुण्यात, पण मागच्या वर्षी जुनी गाडी घेतली ती कोल्हापूर पासिंगची. एमएच-09 ची पाटी म्हणजे इन्शुरन्स स्वस्त, असं त्याच्या मित्रानं त्याला सांगितलं होतं. मित्र खोटं बोलत नव्हता. स्वस्त म्हणजे किती, हे मात्र दोघांनीही विचारलं नव्हतं.

खासगी मोटारींच्या विम्यासाठी देशाचे दोन झोन पाडलेले आहेत. झोन एमध्ये आठ शहरं येतात: मुंबई, पुणे, नवी दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद. बाकी सगळा देश झोन बीमध्ये. नागपूर, नाशिक, पणजी, कोल्हापूर, सगळी बीच. गाडी कुठे उभी राहते यावर झोन ठरत नाही, ती कुठल्या आरटीओत नोंदली आहे यावर ठरतो. इथवर भाच्याचं बरोबर.

आता आकडे पाहू. जुन्या सरकारी दरपत्रकात पाच वर्षांच्या आतल्या, 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला झोन एमध्ये 3.283 टक्के आणि झोन बीमध्ये 3.191 टक्के दर होता. विम्यासाठी सहा लाख किंमत धरलेल्या गाडीवर हा फरक होतो 552 रुपये, तोही वर्षाचा. 1 जानेवारी 2007 पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’चा दर ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या. त्या आता भरघोस सूट देतात, मॉडेल पाहतात, कुठल्या भागातून किती क्लेम येतात तेही पाहतात. म्हणून एकाच गाडीचे दोन कंपन्यांचे आकडे झोनच्या फरकाहून कितीतरी जास्त वेगळे निघू शकतात.

थर्ड पार्टीचं तर याहून सरळ आहे. ‘गावाकडे थर्ड पार्टी कमी लागते’ हे मी एजंटांच्या तोंडूनही ऐकलंय. खासगी गाडीच्या बाबतीत ते खरं नाही. हा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं. 1 जून 2022 पासूनच्या दरांत 1000 सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला 2,094 रुपये, 1500 सीसीपर्यंत 3,416 आणि त्यापुढे 7,897 रुपये आहेत, वर जीएसटी. चंदगड असो की अंधेरी, आकडा तोच. (22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला, पण मोटारीच्या विम्यावरचा 18 टक्के तसाच आहे. त्या आठवड्यात किती जणांनी एजंटाशी वाद घातला असेल, देव जाणे.)

दुसरा गैरसमज चालवणाऱ्याचा. ‘मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्याच्या नावावर गाडी नको, हप्ता दुप्पट होईल.’ ही भीती बहुधा परदेशातून आलेली आहे. इंग्लंडमध्ये नवख्या तरुण चालकाचा विमा खरोखरच खिसा रिकामा करतो, शिवाय तिथे पत्त्याचा पोस्टकोडही मोजला जातो. पूर्वी मुलींना मुलांपेक्षा कमी हप्ता बसायचा, पण युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे 21 डिसेंबर 2012 पासून तो भेद बंद झाला. कॅलिफोर्नियात 1988 च्या जनमतानं चालकाचा इतिहास, वर्षाला किती मैल गाडी चालते आणि चालवण्याचा अनुभव किती, या तीन गोष्टी सगळ्यांत वर ठेवल्या. तिकडच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना हे कानावर पडतं आणि आपण ते इथे लावतो.

आपल्याकडे विमा मुख्यतः गाडीचा असतो. काही कंपन्या सूट देताना मालकाचं वय किंवा व्यवसाय विचारतात, पण स्टिअरिंग कोण फिरवणार यावर मूळ दर बेतलेला नसतो. मालकाच्या परवानगीनं आणि वैध लायसन्सवर कुणीही गाडी चालवली तरी पॉलिसी चालते. लायसन्स नसेल तर मात्र क्लेमची वाट लागते, मग चालक एकोणीसचा असो वा साठीचा. चलन आलं की पुढच्या वर्षी हप्ता वाढतो, हीही अशीच एक समजूत. जानेवारी 2021 मध्ये विमा नियामकाच्या कार्यगटानं तसा प्रस्ताव मांडला होता, पण तो देशभरात सक्तीचा नियम झालेला नाही. जुलै 2022 पासून मात्र कमी चालवणाऱ्याला किंवा नीट चालवणाऱ्याला स्वस्त पडेल असा जोड-विमा विकायला कंपन्यांना परवानगी आहे. तो घ्यायचा की नाही, हे आपल्यावर.

मग चालवणाऱ्याचा काहीच संबंध नाही का? आहे, पण मुख्यतः एकाच वाटेनं: नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम नाही, तर ओन डॅमेजवर 20 टक्के सूट, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50. बंपर घासला म्हणून तीन हजारांचा क्लेम केलात, तर सक्तीचे हजार वजा जाऊन दोन हजार मिळतात (1500 सीसीपर्यंत), आणि पुढच्या वर्षी बोनस शून्यावर येतो. मूळ ओन डॅमेज आठ हजार असेल आणि बोनस 50 टक्के, तर पहिल्याच वर्षी चार हजार जास्त. गॅरेजवाला ‘इन्शुरन्समध्ये करून टाकू’ म्हणतो तेव्हा हा हिशोब तो सांगत नाही. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले, तरी बोनस जातो.

आणि भाचा इथेच फसला. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकणारा आपला 50 टक्के बोनस सोबत घेऊन गेला. पॉलिसी नावावर करताना कंपनीनं उरलेल्या सहा महिन्यांचा बोनस भाच्याकडून वसूल केला: दोन हजार रुपये, वर जीएसटी. झोन बीमुळे त्याच आठ हजारांच्या हप्त्यावर वर्षाला वाचणारी रक्कम होती साधारण सव्वादोनशे.