श्वास मोजायचं एक मिनिट

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कळंबहून खोकणारं तान्हं घेऊन कुणी मंचरला दवाखाना गाठला, तर डॉक्टरांनी सगळ्यात आधी काय करायचं असतं? कानाला नळी लावायच्याही आधी बाळाचं झबलं वर सरकवायचं आणि नुसतं पोटाकडे बघत राहायचं. पूर्ण एक मिनिट. आईला वाटावं, डॉक्टरांची तंद्री लागली! पोट वर आलं, खाली गेलं, एक. मध्येच बाळ रडलं की हिशेब वाया. ते निजलं की पुन्हा पहिल्यापासून.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60, वर्षाच्या आतल्याचे 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40. खोकल्याबरोबर मोजणी इथवर पोचली की न्यूमोनिया धरून चालायचं. कारण फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांत पू-पाणी साचलं की फुप्फुस ताठरतं. खोल श्वास झेपत नाही, म्हणून शरीर उथळ आणि भराभर घेऊ लागतं. आजीबाई 'पोट उडतंय' म्हणते ते हेच. फक्त तिने मोजलेलं नसतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे अडचण वेगळीच होती: गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांनी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी एकत्र केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. मला तर हे यंत्र एक्स-रेपेक्षा हुशार वाटतं. बंग दांपत्याचा अभ्यास 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. गावातच औषध मिळालेल्या मुलांत न्यूमोनियाने दगावण्याचं प्रमाण 0.8 टक्के होतं. ही सोय नसलेल्या गावांत 13.5.

मग प्रत्येक खोकल्याला अँटिबायोटिक का नको? अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचं काम बघा. जिवाणूभोवती जाळीची भिंत असते. वाढताना ती सतत उसवायची आणि पुन्हा सांधायची. औषध त्या सांधणाऱ्या हातालाच अडकून बसतं. उसवणं चालू, सांधणं बंद. पाणी आत घुसतं आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून आपण वाचतो. आणि सर्दी-फ्लूच्या विषाणूलाही ती नाही, म्हणून तोही वाचतो! कफ पिवळा झाला तरी हे गणित बदलत नाही.

बाळ दूध ओढेना, ओठ निळे पडले, तर भरती करावंच लागतं. जिवाणू कोणता ते सांगणाऱ्या रक्ताच्या कल्चर तपासणीला दोनेक दिवस लागतात, तेवढं थांबता येत नाही. म्हणून औषध अंदाजाने सुरू करायचं आणि रिपोर्ट आला की नेमकं करायचं किंवा थांबवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये या औषधांचे तीन गट पाडले. अमॉक्सिसिलिन पहिल्या, सहज वापरायच्या गटात. सर्दीला सर्रास मागितलं जाणारं अझिथ्रोमायसिन दुसऱ्या, जपून वापरायच्या.

श्वासांची मोजणीही कधीकधी फसवते. विषाणूने श्वासनळ्या आवळल्या तरी श्वास भराभर चालतो, पण मग छातीत शीळ वाजते. अशा वेळी पंपाने नळ्या मोकळ्या करायचं औषध द्यायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, आणि झबलं पुन्हा वर.