मधल्या गड्याचे घड्याळ



आमची वाडी डोंगराच्या पलीकडे आहे. दिवाळी झाली की माझे आईबाबा ऊसतोडीला जातात. मी आजीजवळ राहतो. वाडीत मोबाईलला रेंज नाही. म्हणून दर रविवारी संध्याकाळी मी आणि आजी टेकाडावर जाऊन आईच्या फोनची वाट बघतो. आजीचे गुडघे दुखतात, तरी ती येतेच.

एकदा मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, डोंगराच्या माथ्यावर एक लहान टॉवर ठेवला, आणि त्याने मोठ्या टॉवरचं ऐकून आम्हाला सांगितलं, तर चालणार नाही का?"

गुरुजी म्हणाले, "चालेल की! अशा मधल्या टॉवरला रिले म्हणतात. पण त्याचं घड्याळ बरोबर पाहिजे."

फोनला घड्याळाचं काय काम? मला कळेना. मग गुरुजींनी समजावलं, ते तुम्हाला सांगतो.

घराचा स्लॅब टाकताना तुम्ही पाहिलंय ना? माणसे रांगेत उभी राहतात आणि घमेलं हातोहात पुढे जातं. मधल्या गड्याने हातातलं घमेलं पुढे द्यायचं, मगच मागचं घ्यायचं. दोन्ही एकदम करायला गेला तर घमेलं पायावर! रिलेचंही तसंच. मोठ्या टॉवरचा संदेश लांबून येतो, म्हणून तो फार क्षीण असतो. रिले त्याच वेळी, त्याच लहरींवर बोलू लागला, तर स्वतःच्या आवाजापुढे त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. म्हणून ऐकायची वेळ वेगळी आणि बोलायची वेगळी. फोरजीमध्ये एका सेकंदाचे १००० तुकडे करतात. कोणत्या तुकड्यात कोणी बोलायचं, हे आधीच ठरलेलं असतं.

आम्ही मैदानावर हा खेळ करून पाहिला. एक जण मोठा टॉवर झाला, मी रिले आणि एक जण फोन. गुरुजी टाळ्या वाजवत होते. एका टाळीला टॉवरने एक शब्द बोलायचा, दुसऱ्या टाळीला मी तो पुढे सांगायचा. माझी एक टाळी चुकली. मग टॉवर बोले तेव्हाच मीही बोलू लागलो. निरोप होता, "आजीला ताप आलाय, औषध घेऊन ये." पोचलं एवढंच, "आजीला ये." सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. खरा निरोप असता तर?

आता गंमत बघा. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर एका भागाला मायक्रोसेकंद म्हणतात. तेवढ्यात लहर ३०० मीटर जाते. रिले ३ किलोमीटरवर असला, तर मोठ्या टॉवरचा इशारा त्याला १० मायक्रोसेकंद उशिरा मिळतो.

तेवढ्याने काय बिघडतं? बिघडतं! फाइव्हजीच्या पुष्कळ टॉवरांना एकाच लहरींवर आळीपाळीने बोलायचं आणि ऐकायचं असतं. शेजारच्या टॉवरांच्या घड्याळांत ३ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नाही. नाहीतर एक टॉवर फोनचा बारीक आवाज ऐकू पाहतो आणि दुसरा अजून ओरडतच असतो.

मग हा उशीर काढायचा कसा? संदेशाला जाऊन यायला एकूण किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्याचं निम्मं करायचं. २० लागले तर एका वाटेचे १०. रिले आपलं घड्याळ तेवढं पुढे घेतो आणि मोठ्या टॉवरच्या बरोबरीने बोलू लागतो.

पण एकदा लावलं की झालं, असं नाही. दिवसाला फक्त १ सेकंद चुकणारं घड्याळ आपण चांगलं म्हणतो. गुरुजींनी फळ्यावर गणित केलं. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे ते घड्याळ दर सेकंदाला जवळजवळ १२ मायक्रोसेकंद चुकतं. ३ मायक्रोसेकंदांची सवलत पाव सेकंदातच संपली! म्हणून टॉवर वेळेचा इशारा सारखा देत असतो. फोरजीमध्ये सेकंदाला २०० वेळा. काही टॉवर उपग्रहांकडूनही वेळ घेतात, कारण उपग्रहांत अणुघड्याळे असतात. आपल्या इस्रोने २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारतात बनवलेलं अणुघड्याळ आहे.

असे रिले फोरजीच्या नियमांत २०११ साली आले. फाइव्हजीसाठी त्यांचे नवे नियम २०२० साली झाले. म्हणजे माझी कल्पना काही वेडगळ नव्हती!

सांगा पाहू : रिले ६ किलोमीटरवर असेल, तर त्याने घड्याळ किती मायक्रोसेकंद पुढे घ्यायचं? उत्तर वहीत लिहून गुरुजींना दाखवा.

आणि पालकांनो, एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत आमच्या डोंगराचा विषय काढाल का? माथ्यावर असा एखादा वेळेचा पक्का गडी उभा राहिला, तर आजीला टेकाड चढावं लागणार नाही. आई घरातच बोलेल.

– इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी