मुठीतलं झाकण काढून घेण्याआधी

तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीत अश्वांचं. त्या गर्दीत कानांवर हात दाबून आईला बिलगलेलं एखादं पाच-सहा वर्षांचं मूल दिसतं. मुठीत बाटलीचं झाकण, दोरीचा तुकडा, नाहीतर गोधडीची चिंधी. लगेच सल्ला येतो, "एवढं मोठं झालं तरी हा नाद? काढून घ्या ते, चार दिवस रडेल नि विसरेल." मूल स्वमग्न असेल, म्हणजे त्याला ऑटिझम असेल, तर हा सल्ला त्याला फार महागात पडतो.

लाडानं बिघडलंय, हट्टी आहे, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मजात भिन्नता आहे. यातल्या बऱ्याच मुलांना आवाज, उजेड, स्पर्श, वास आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतात. काहींना उलट फारच कमी. गळीत हंगामात उसाचा ट्रॅक्टर कर्कश गाणी वाजवत दारावरून गेला तर आपण क्षणभर वैतागतो आणि कामाला लागतो. या मुलाला तो आवाज बाजूला सारता येत नाही. त्यात पाहुणे, नवे कपडे, बदललेली वाट. अशा वेळी झाकणाची कड मात्र कालच्यासारखीच असते, चिंधीचा वास तोच असतो. ती ओळखीची संवेदना पुन्हा पुन्हा घेऊन मूल स्वतःला सावरतं. वस्तूंची अशी तीव्र ओढ ऑटिझमच्या ओळखीच्या लक्षणांपैकीच एक आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-निकषांत तिचा स्पष्ट उल्लेख आहे. ती वस्तू मऊच असते असंही नाही. चाक, चावी, चमचा, रिकामी डबी, काहीही असू शकतं.

हट्ट आणि कोसळणं यांतला फरक घरच्यांनी नीट पाहावा. हट्ट करणारं मूल मधूनमधून आपल्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. कोसळलेल्या मुलाला कोण बघतंय याचं भान नसतं. हिरावलेली वस्तू परत दिली तरी ते लगेच शांत होत नाही, कधी स्वतःचा हात चावतं, कधी डोकं आपटतं. कुणी मोठं माणूस रागाच्या भरात ती चिंधी चुलीत घालतं किंवा कालव्यात फेकतं, तेव्हा मुलाचा आधार तुटतोच, शिवाय त्या माणसावरचा विश्वासही जातो. काही दिवसांनी रडणं थांबलं म्हणून गरज संपली असं समजू नका. आपलं दुखणं शब्दांत सांगता न येणारं मूल गप्पही होतं.

"वस्तूत जीव, माणसांत नाही" हे वाक्य आयांना सर्वाधिक जखमी करतं. त्याचा इतिहासही दुःखद आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं निरीक्षण मांडून ऑटिझमची ओळख करून दिली. पुढे थंड वागणाऱ्या आईमुळे हे होतं असा समज रूढ झाला, आणि ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकानं तो घरोघरी नेला. खरं तर स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच ऑटिझमचं कारण जैविक आहे असं ठामपणे मांडलं होतं. आज आनुवंशिकतेचा मोठा वाटा सिद्ध झाला आहे, आणि अनेक ऑटिस्टिक मुलांचं आईवडिलांशी घट्ट, सुरक्षित नातं असतं हेही अभ्यासांतून दिसलं आहे. तरी आपल्याकडे अजून "आई कामावर जाते", "मोबाइल हातात दिला" असं ऐकवलं जातं. हे थांबायला हवं.

याउलट, गोधडीशिवाय न झोपणाऱ्या प्रत्येक मुलाला ऑटिझम नसतो. लहान मुलं आईपासून थोडी सुटी होताना अशा वस्तूचा आधार घेतात, हे ब्रिटिश बालमनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडलं. नावानं हाक मारल्यावर न बघणं, बोट दाखवून काही न दाखवणं, बोलणं उशिरा येणं किंवा आलेलं बोलणं जाणं, अशी चिन्हं सोबत असतील तर तपासणी करावी.

मग वस्तू कधीच काढायची नाही का? धोका असेल तर काढायचीच. घड्याळ-खेळण्यांतली बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. ती मुलाच्या हाती नकोच, आणि गिळल्याचा संशय आला तर थेट दवाखाना गाठावा. गळ्याभोवती गुंडाळता येणारी दोरी, प्लास्टिकची पिशवी, तोंडात जाणारे बारीक तुकडे यांचंही तसंच. तिथे तशाच स्पर्शाची सुरक्षित वस्तू आधी हातात द्यावी, मग धोक्याची काढावी. बाकी वेळी चिंधीचे दोन-तीन तुकडे करून ठेवावेत, म्हणजे एक हरवला तरी घर रात्रभर जागं राहत नाही. धुताना सगळे एकदम धुऊ नयेत, कारण वास बदलला की मुलासाठी ती वस्तूच बदलते. जेवताना शेजारी, लिहिताना खिशात, असं अंतर हळूहळू वाढवता येतं.

शाळेनंही इथे साथ द्यायला हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे, आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करणं हे शिक्षणसंस्थांचं कर्तव्य मानलं आहे. दप्तरात एक झाकण राहू देणं ही त्यातली फार छोटी सोय.

तपासणीसाठी पुणे गाठायचं तर ते बारामतीहून सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून आणखी लांब. म्हणून सुरुवात गावातूनच करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी मोफत आहे आणि गरज पडल्यास पुढे जिल्हा पातळीवर पाठवलं जातं. अंगणवाडीताईंना पथकाची तारीख विचारा, आणि मुलाला नेताना त्याची वस्तू सोबत न्या.